दारात अडलेली नणंद

३ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

फोनच केला असता. पण गेलं वर्षभर तुम्ही फोनवर अशा कुजबुजता, की तुमच्या भिंतीला कोणी कान लावून बसलंय की काय असं वाटतं. मी "काय?" विचारते, तुम्ही पुन्हा तेवढ्याच आवाजात तेच सांगता, मी पुन्हा "काय?" विचारते, आणि शेवटी तुम्ही फोन ठेवून देता. म्हणून पत्र. निदान ते तरी मधेच ठेवून देऊ नका.

बातमी अशी, की मी लग्न करते आहे.

उभ्या असाल तर बसून घ्या. बसलात? आता पुढचं वाचा.

तुमचे बंधुराज जाऊन चार वर्षं झाली. मी बासष्टची झाले. दातांच्या दवाखान्यात टेबलामागे बसून येणाऱ्या प्रत्येकाला "नंबर येईपर्यंत थांबा" असं सांगत असते. एके दिवशी माझाच नंबर आला. गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत. बाजाराच्या कोपऱ्यावरचे कापडवाले. हो, तेच, ज्यांचा कापड मोजायचा मीटर तुम्ही भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत जप्त केला होता. त्यांची अक्कलदाढ पासष्टाव्या वर्षी दुखायला लागली, यावरून त्यांच्याबद्दल काय समजायचं ते समजा. तुमच्याबद्दल ते अजून आदराने बोलतात. म्हणतात, वजनमापाच्या बाईंचा बूट फुटपाथवर वाजला की दुकानांची अख्खी ओळ आपापली वजनं पुसायला लागायची. मी म्हटलं, सासरी मीही तेच करत होते.

२० एप्रिलला नोंदणी कार्यालयात सह्या आहेत. बँडबाजा नाही, गर्दी नाही. माझे थोरले भाऊ येतील, कारण न येऊन त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. ढब्बू असेलच. चौतीस वर्षांचा झाला, पण आईच्या लग्नाला काय घालायचं असतं हे मलाच विचारतो आहे.

माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून मला तुम्ही हव्यात. कारण थोडक्यात लिहिते, उगीच रडारड नको. तुमच्या भावाच्या मागे मी हे चोरून करत नाही. त्याच्या घरातलं कोणीतरी तिथे उभं असावं आणि त्याने ते बघावं.

अजून तरी तुमची,
वहिनी

*

१२ फेब्रुवारी

वहिनींस,

मायन्यात काय लिहावं यावर बराच वेळ गेला. "श्रीमती" लिहावं तर त्याची मुदत २० एप्रिलला संपते, "सौभाग्यवती" लिहावं तर ते अजून सुरू झालेलं नाही. म्हणून नुसतं वहिनी. त्याचीही मुदत संपत असेल तर कळवा.

अभिनंदन. मनापासून लिहिलं आहे, उगीच दोनदा वाचून त्यात काही शोधू नका.

तुमच्या कापडवाल्यांचा मीटर टोकाला झिजला होता. तो बेइमानीने नव्हे, आळसाने झिजला, असा शेरा मी तेव्हाच मारला होता. संसाराला दोन्हींतला आळस बरा. दादाला काय वाटलं असतं, याची काळजी सोडा. दादाला पंख्याचा वेग वाढवलेलाही चालत नसे. त्याच्या परवानगीने जगायचं म्हटलं असतं तर तुम्ही आणि मी अजून त्याच खोलीत घामाघूम बसलो असतो.

साक्षीदाराचं मात्र दुसरं कोणीतरी बघा. त्या सुमारास मला कामं आहेत. निवृत्त माणसाला कामं असतात यावर कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून ती कोणती हे लिहीत नाही. टपालाने कागद पाठवता येत असेल तर पाठवा, सही करून परत करते. माझी सही माझ्याशिवायही चालते.

नणंद

*

२ मार्च

वन्सं,

ढब्बू काल तुमच्याकडून परतला. त्याला मीच पाठवलं होतं. म्हटलं, टपालाच्या निमंत्रणाला तुम्ही टपालाने नकार दिलात, भाचा समोर उभा राहिला की विरघळाल. तुम्ही त्याला दारातच उभं केलंत.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. त्याने बेल वाजवली. आतून पावलं आली, दाराजवळ आली आणि थांबली. मग काहीच नाही. तो म्हणतो, "आई, आत्या दाराच्या पलीकडेच उभी होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता." त्याने हाकांवर हाका मारल्या. केव्हातरी आतून कोणी पुटपुटलं, ढकल, उघडं आहे. ढकललं तर तुम्ही पॅसेजच्या मधोमध उभ्या. ये नाही, बस नाही, बाजूला सरकणंही नाही. तुमचा भाचा अंगाने भरलेला, तरी तो बिचारा अंग चोरून तुमच्या कडेने आत शिरला. मग त्याने लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाचा तो विनोद सांगितला, जो ऐकून तुम्ही दरवेळी डोळे पुसता. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. वीजबिलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिलात.

त्याला वाटलं, बरं नसेल. म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, ठणठणीत आहे. आणि ते पटवायलाच की काय, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आणायला त्याच्या पुढे निघालात. दोन मजले न थांबता चढलात आणि तो मागून धापा टाकत आला. म्हणजे पाय शाबूत आहेत. दोन मजले चढवतात, फक्त दारापर्यंत येऊन भाच्याला आत घेववत नाही. निघतानाही तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत.

आणि ते अक्षर. मागच्या पत्रात मायना तरी डोळ्यांना दिसला. खाली येईपर्यंत इतकं बारीक झालं, की ढब्बूच्या मोबाइलवर फोटो काढून, मोठा करून वाचावं लागलं. तुम्ही नेमकं काय वाचवता आहात, शाई की माया?

तुम्हाला हे लग्न पसंत नाही, एवढंच मला यातून कळतं. तसं असेल तर तसं स्पष्ट लिहा. मला राग येईल, पण तो माझा मी बघेन. मुलाला दारात उभं करून निरोप देऊ नका.

वहिनी

*

९ मार्च

वहिनी,

तुमची तपासणी उत्तम आहे. मी खात्यात असते तर तुम्हाला हाताखाली घेतलं असतं.

होय, माझी हरकत आहे. दादाच्या खुर्चीत एक कापडवाला बसलेला मला बघवणार नाही. एवढं कारण पुरतं का? नसेल तर आणखी एखादं तुम्हीच घाला. माझ्या मनातलं तुम्हाला माझ्या आधी कळतं.

ढब्बूला सांगा, त्याचा विनोद आता जुना झाला.

२० तारखेला मी येणार नाही. पुन्हा कोणाला पाठवू नका. आणखी लिहीत नाही, तुमच्या मुलाच्या मोबाइलला त्रास होतो.

नणंद

*

३१ मार्च

वन्सं,

तुमच्या त्या पत्राला मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. तिसऱ्यात तर अशी काही वाक्यं जमली होती, की फाडताना जिवावर आलं. ती आता वाया गेली.

कापडवाले आठवडाभर गप्प होते. मला वाटलं, तारीख जवळ आली की पुरुष गप्प होत असावेत. काल सरळच विचारलं. म्हणाले, "मी बाईंना शब्द दिलाय." मी म्हटलं, शब्द द्यायचा तर आधी मला द्यायचा आहे, बाईंना कशाला? तेव्हा बोलले.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ते ऐकून, मला न सांगता, ते तुमच्या गावी आले होते. मीटरबद्दल पुन्हा एकदा माफी मागितली की बाईंचा राग जाईल, अशी त्यांची भाबडी समजूत. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानासमोर, त्यांना तुम्ही दिसलात. रस्ता ओलांडायला उभ्या होतात. दिवा हिरवा झाला, सगळे गेले, तुम्ही तिथेच. लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, तरी तुम्ही तिथेच. त्यांना वाटलं, कोणाची तरी वाट बघत असतील. तेवढ्यात एका सद्गृहस्थांना समाजसेवेची उबळ आली. त्यांनी "चला आजी, चला लवकर" करत तुमचा हात धरून ओढला. वरचं अंग निघालं आणि पाय मागेच राहिले. तुम्ही पडलात. समाजसेवक दिवा लाल व्हायच्या आत पलीकडे पोचले.

कापडवाल्यांनी तुम्हाला उठवलं. गुडघा फुटला होता. तशाही अवस्थेत तुम्ही त्यांना ओळखलंत आणि पहिलं काय विचारलंत, तर मीटर बदललात का. मग त्यांच्याकडून गप्प राहण्याचा शब्द घेतलात. मग त्यांना म्हणालात, धरू नका, नुसते बाजूला थांबा. आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत, एकेका पट्टीवर पाय टाकत, तुम्ही ताठ मानेने रस्ता ओलांडलात. बूट वाजवत, अगदी पूर्वीसारख्या. पलीकडचा फुटपाथ आला आणि पुन्हा थिजलात.

त्यांना तेवढ्यावरून कळलं. त्यांच्या थोरल्या भावाला पार्किन्सन्स होता. तोही जिना चढायचा आणि खोलीच्या दारात अडायचा. घरच्यांनी त्याला दोन वर्षं नाटकी ठरवलं होतं, यांनीसुद्धा. हे सांगताना ते एक ठाण उगाच उलगडत होते आणि परत गुंडाळत होते.

म्हणजे फोनवरची कुजबुज ती हीच. अक्षर तेच, चेहरा तोच, दारामागचा श्वासही तोच. मी दवाखान्यात बसते, दातांच्या का होईना. मला कळायला हवं होतं. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, जपून ठेवा.

आणि तुमचं काय? मी तुम्हाला दुष्ट समजले तर चालेल, पण आजारी समजायला नको. जन्मभर लोकांचे खोटे तराजू पकडणाऱ्या बाईने घरी असा काटा वापरावा?

आता खरं काय ते लिहा. अक्षर हवं तेवढं बारीक काढा. मोबाइल चार्ज करून ठेवला आहे.

वहिनी

*

६ एप्रिल

वहिनी,

कापडवाल्यांचा शब्दही त्यांच्या मीटरसारखाच निघाला, टोकाला आखूड.

हे पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे. गोळी लागू पडली की तेवढ्या वेळात जमेल तितकं. दोन वर्षं झाली. माझे हात थरथरत नाहीत, म्हणून कोणाला संशय आला नाही. लोकांना वाटतं, हा आजार म्हणजे कपबशी खडखडणं. माझी कपबशी शांत आहे. संपावर गेलेत ते पाय.

मोकळ्या खोलीत मी बरी चालते. दार आलं, टेबल आणि भिंतीमधली फट आली, वळायचं झालं, की तळवे फरशीला डकवल्यासारखे होतात. मनाने मी केव्हाच पलीकडे पोचलेली असते. टाचा तेवढ्या जागच्या जागी फडफडत राहतात. त्यात कोणी लवकर म्हटलं की उरलंसुरलंही जातं. ढब्बूने त्या दिवशी बाहेरून जेवढ्या हाका मारल्या, तेवढी मी घट्ट होत गेले. हे त्याला सांगू नका. तो आधीच हळवा आहे. आणि त्याच्या विनोदाला मी हसले होते. आतल्या आत हसले, ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही.

जिन्याचं गूढ मलाही कळत नव्हतं. पायरी समोर दिसली की पाय आपसूक उचलतो. डॉक्टर म्हणाले, नकळत चालण्याचा जो मेंदूतला रस्ता असतो तो अडलाय. समोर ओलांडायला काही दिसलं की काम दुसऱ्या रस्त्याने होतं. थोडक्यात, माझ्या डोक्यात सरकारी कचेरी उघडली आहे. नेहमीच्या खिडकीवर कोणी नसतं, शेजारच्या खिडकीवर जावं लागतं. एवढी वर्षं मी लोकांना याच खिडक्या फिरवल्या, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही.

ज्या बाईच्या पावलांनी बाजार वजनं पुसायचा, ती आता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून समोर दूध उतू जाताना बघते. शेगडी हातभर अंतरावर असते. दूध संपूर्ण उतू जातं, विस्तव विझतो, वास सुटतो, आणि मग पाय म्हणतात, चला आता. हे बघायला मला माणसं नको होती. तुम्ही तर मुळीच नको होतात. तुमच्यापुढे मी कधी अडखळलेली नाही.

आता वीस तारखेचं. ते कार्यालय मी बघितलंय. दार अरुंद आहे आणि आतला कारकून ओरडणारा आहे. मी त्या दारात अडणार. तुमच्या थोरल्या भावांची गाडी "या वयात" या दोन शब्दांच्या पुढे गेलेली नाही. ते काय बघतील? नवरीच्या पहिल्या नवऱ्याची बहीण दारात पाय रोवून उभी आहे, जाऊ देत नाही. मी काय समजावणार आणि कोणत्या आवाजात? तुमच्या त्या दिवसात मी तशी दिसायला नको होते. त्यापेक्षा घरी बसून वाईट ठरलेलं परवडलं.

हरकत वगैरे काही नव्हती. दादाची खुर्ची तुमची आहे. हवं त्याला बसवा.

नणंद

*

११ एप्रिल

वन्सं,

पत्र वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच.

ठरलंय ते असं. तुम्ही येताय. ढब्बू गाडी घेऊन येईल आणि तोंड मिटून चालवेल. "लवकर" हा शब्द काढला तर त्याला वाटेत उतरवायची तुम्हाला मुभा. गोळी घेतल्यावर तुम्ही कधी बऱ्या असता ते कळवा, त्याप्रमाणे कार्यालयाची वेळ घेते. लोकांच्या वेळा बसवणं एवढंच काम मला चांगलं येतं.

दारात अडलात तर अडा. तुम्ही आलात आणि अडलात, तर माझे भाऊ म्हणतील, बघा, अडवायला आली. नाही आलात, तर म्हणतील, बघा, नणंद फिरकलीसुद्धा नाही. बदनामी दोन्हीकडे तुमचीच आहे. मग ती घरी बसून कशाला, येऊन करून घ्या.

हात धरून ओढायचं नाही, असं कापडवाल्यांनी ढब्बूला बजावलंय. पाय कशाने सुटतो, ते एका ओळीत लिहा.

वहिनी

*

१५ एप्रिल

वहिनी,

दुपारी. गोळीनंतर तासाभराने. पुढ्यात ओलांडायला काहीतरी लागतं. येते.

नणंद

*

२६ एप्रिल

वहिनी,

मायन्याची मुदत संपलेली नाही, असं मी धरून चालते.

तुम्ही वेळ गोळीला विचारून घेतली होती, पण कार्यालयाने ती कोणालाच विचारली नाही. आपला नंबर येईपर्यंत गोळी उतरली. मी बाकावर बसून ती उतरताना बघत होते, दुसरं करायला काही नव्हतं.

दारापर्यंत आले आणि व्हायचं ते झालं. आत तुम्ही टेबलाशी, शेजारी कापडवाले, माझ्या मागे पुढच्या नंबरच्या जोडप्याची घाई, आणि कारकून "साक्षीदार, साक्षीदार" असा भाजी विकल्यासारखा ओरडतोय. तुमच्या भावांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "सांगितलं नव्हतं मी? आलीच ती अडवायला." ढब्बू शब्दाला जागला. बोलला नाही, ओढलं नाही, नुसता घाम पुसत राहिला. मी पायांना काय काय म्हणाले ते लिहीत नाही. वाटलं, आता माझ्यामुळे हे मोडणार, आणि सगळे जन्मभर म्हणतील की मी मोडलं.

तेवढ्यात तुम्ही खुर्चीवरून उठलात. सरळ माझ्यासमोर आलात आणि नवी चप्पल घातलेला पाय माझ्या पावलांपुढे आडवा टाकलात. नवरीने नणंदेला भर कचेरीत पाय आडवा घातलेला अख्ख्या खोलीने बघितला. तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "ओलांडा. एवढी वर्षं मला ओलांडूनच जात होतात, आज काय झालं?"

मला हसू आलं. ते चेहऱ्यावरही उमटलं असावं, कारण तुमच्या भावांचं तोंड उघडं राहिलं. आणि पाय उचलला गेला.

सही बघून कारकून म्हणाला, पूर्ण करा. मी म्हटलं, पूर्णच आहे, भिंग आणा.

कापडवाले परवा येऊन माझ्या प्रत्येक दारात रंगीत पट्ट्या चिकटवून गेले. एकीवरून दुसरीवर पाय टाकत मी आता स्वयंपाकघरात पोचते, बहुतेक वेळा. दूध वाचतं. अंतर मोजून बघितलं, एक पट्टी अर्ध्या बोटाने चुकली आहे. नोटीस पाठवायची की तोंडी समज द्यायची, ते घरात विचारून कळवा.

आता एक लिहायचं राहिलं. दादा असता तर त्याने मला दंडाला धरून ओढलं असतं आणि आम्ही दोघं आपटलो असतो. तुम्ही तुमचं टेबल, तुमचं पेन, तुमचं लग्न तसंच ठेवून माझ्यासाठी उठून दारापर्यंत आलात. माझ्यासाठी असं कोणी उठून आलेलं मला आठवत नाही. तुमच्यासारखंच मीही हे एकदाच लिहिते आहे.

नणंद

*

४ मे

वन्सं,

तुमचं पत्र वाचून इतकी लाज वाटली, की उत्तराला आठवडा लागला. तुम्ही चौकात माझा पुतळा उभारायच्या आत खरं सांगून टाकते.

मी तुमच्यासाठी उठले नव्हते. मी पळून चालले होते.

साक्षीदार आले की सही करा, असं म्हणून कारकुनाने माझ्या हातात पेन दिलं. आणि पेन हातात आल्यावर मला एकदम वाटलं, मी इथे काय करते आहे? त्यांच्यावर राग नव्हता. तुमच्या बंधुराजांची आठवण आली असंही नाही. भावांचं बोलणं तर मी लहानपणापासून कानाआड करत आले आहे. नुसती भीती होती. दवाखान्यात मी अशी माणसं बघते. तास तास शहाण्यासारखी बसतात, नाव पुकारलं की पर्स उचलतात, जरा फोन करून येते म्हणतात आणि परत येत नाहीत. मी त्यांना आजवर मनात हसत होते. मी पेन ठेवलं आणि पर्स उचलली. खाली उतरायचं, पहिली बस धरायची, घरी जाऊन आतून कडी लावायची, एवढंच डोक्यात होतं.

दार एकच होतं आणि त्यात तुम्ही होतात. कडेने जायला बोटभर जागा नाही. तुम्हाला दारातून हलवायचं तर आत घ्यायला हवं, आणि पाय कशाने सुटतो ते तुम्हीच कळवलं होतंत. म्हणून पाय आडवा टाकला. आणि कानात बोलले ते विनोद म्हणून नव्हे, वन्सं. चिडून बोलले होते. मला बाहेर जायचं होतं आणि आयुष्यभराप्रमाणे तुम्ही मधे होतात.

मग तुम्ही ओलांडलंत, आणि आत येताच माझा दंड धरलात. एवढ्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा धरलं होतंत, आणि सगळा भार टाकून धरलं होतंत. दार मोकळं झालं होतं. पण सोडवून घ्यावं तर तुम्ही पडल्या असतात. म्हणून म्हटलं, यांना टेबलापर्यंत पोचवू, खुर्चीत बसवू आणि मग जाऊ. आपण किती हळू गेलो. मला घाई करता येईना, घाई केली की तुमचं काय होतं ते माहीत होतं. त्या चालण्यात कुठेतरी माझा श्वास जागेवर आला. टेबलाशी तुम्ही वाकून, जीभ दातांत धरून, ती मुंगीएवढी सही केलीत आणि पेन माझ्या हातात दिलंत. माझ्याकडे बघितलंतही नाहीत, काही विचारलं नाहीत. मी सही केली.

हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, अशी माझी समजूत होती. परवा संध्याकाळी चहा घेताना ह्यांनी सहज विचारलं, "वन्संना आणायला उठलात, तेव्हा पर्स कशाला घेतली होतीत?" मी म्हटलं, सवय. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी आयुष्यभर गल्ल्यावर बसलोय. गिऱ्हाईक पिशवी उचलून उठलं, की ते पुढचं ठाण बघायला उठलेलं नसतं."

 ते रागावले नाहीत. चहा संपवला, माझाही कप उचलून नेला, विसळून पालथा घातला. मग आतूनच म्हणाले, "तुमच्या वन्संचे आभार मानायला हवेत."

मी म्हटलं, लिहिते.

तर, आभार.

वहिनी